तोटा कोणाच्या खाती?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढून खाली ‘श्री’ लिहिताना ज्याचे मन अगदी निर्मळ असते असा हिशेबनीस मी अजून पाहिलेला नाही. घरातल्या इतरांना त्या वहीचा कोरेपणा दिसतो, झेंडूची फुले दिसतात, बत्ताशांचा प्रसाद दिसतो. आम्हां हिशेबनिसांना मात्र तिच्या मागे ठेवलेली जुनी वही दिसत असते. तिच्यातली शिल्लक नव्या वहीत ओढून आणावी लागते. आणि शिल्लक म्हणजे काही नेहमी पैशांचीच असते असे नव्हे. मी चाळीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब लिहिले. त्यांतली एक बाकी अजून माझ्या नावावर उभी आहे. तिची आठवण मला करून दिली ती माझ्या दहा वर्षांच्या नातवाने, आणि तीही घरापासून हजारो मैलांवर, ज्या खेळाचे नियम मला आजही पुरते कळत नाहीत त्या खेळाच्या निमित्ताने.

२०२० साली फेब्रुवारी महिन्यात आम्ही उभयता मुलीकडे अमेरिकेत, अटलांटा शहराजवळ राहावयास गेलो होतो. एप्रिलमध्ये परतावयाचे, असा बेत. परंतु मार्चमध्ये भारतात येणारी विमाने बंद झाली, आणि पुढे ती थोडी थोडी सुरू झाली तरी आमच्या वयाच्या माणसांनी तो प्रवास करू नये असे मुलीने ठरवून टाकले. त्यामुळे त्या वर्षीचे लक्ष्मीपूजन, १४ नोव्हेंबरचे, आम्ही तिच्याच घरी केले. वही नव्हती, नातवाची शाळेची एक कोरी वही पाटावर मांडली. तिच्या शेजारी त्याने आपली बेसबॉलची टोपी आणून ठेवली. “हिचीही पूजा करा, आजोबा,” म्हणाला, “आमच्या टीमला पैसे नाहीत.”

त्याची टीम म्हणजे अटलांटाचा ‘ब्रेव्ह्‌ज’ हा संघ. एप्रिलमधल्या एका सामन्याची तिकिटे जावयांनी आमच्यासाठी आधीच काढून ठेवली होती. तो सामना झालाच नाही. पूजा आटोपल्यावर फराळ करता करता नातवाने मला विचारले, “आजोबा, मॅच झालीच नाही, तर पगार कोणी द्यायचा?”

मी चकलीचा तुकडा हातातच धरून राहिलो. पोराने अगदी सहज विचारले होते. परंतु वाचकहो, हा प्रश्न सहज नाही. माणसांनी एकत्र येऊन चालविलेल्या कोणत्याही उद्योगाच्या मुळाशी तो दडून बसलेला असतो; सुकाळात तो झोपलेला असतो आणि दुष्काळात जागा होतो, एवढेच.

प्रश्नाकडे वळण्याआधी त्या वर्षी काय घडले ते थोडक्यात सांगितले पाहिजे. अमेरिकेतल्या वरच्या दर्जाच्या बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत जवळजवळ रोज. १२ मार्च २०२० रोजी साथीमुळे सारे थांबले. पुढे २३ जुलैला हंगाम सुरू झाला तो १६२ ऐवजी अवघ्या ६० सामन्यांचा, आणि तोही रिकाम्या मैदानांत. प्रेक्षकांच्या जागी पुठ्ठ्याचे पुतळे बसविले होते. लोकांनी पैसे भरून आपापले फोटो त्या पुतळ्यांवर चिकटवून घेतले होते, आणि जमावाचा कल्लोळ ध्वनिक्षेपकातून सोडला जात होता. दूरचित्रवाणीवर तो देखावा पाहून माझ्या पत्नीला आमच्या गावच्या रामलीलेतल्या कागदी वानरसेनेची आठवण झाली. मला हसू आले नाही. पुठ्ठ्याचा प्रेक्षक तिकीट काढीत नाही, गाडी उभी करण्याचे भाडे देत नाही, शेंगदाणे घेत नाही. असा विचार माझ्यातला हिशेबनीस करीत होता.

तो तोटा केवढा होता याची कल्पना एका आकड्यावरून यावी. ब्रेव्ह्‌ज संघ त्या वेळी एका अशा कंपनीच्या मालकीचा होता की जिचे भाग शेअरबाजारात विकले जात. त्यामुळे त्याचे आकडे जाहीर करणे तिला भाग होते. २०१९ साली त्या संघाचे आणि मैदानाभोवतालच्या त्याच्या इमारतींचे मिळून उत्पन्न होते ४७ कोटी ६० लक्ष डॉलर. २०२० साली ते १७ कोटी ८० लक्षांवर आले. रुपयातले दहा आणे गेले, सहा आणे राहिले. इतर बहुतेक संघ खाजगी मालकीचे. त्यांच्या वह्या कोणी पाहिलेल्या नाहीत. परंतु सर्व संघांच्या वतीने कारभार पाहणारे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी त्या वर्षी ऑक्टोबरात सांगितले, की संघांवर मिळून ८ अब्ज ३० कोटी डॉलरांचे कर्ज साठले आहे आणि वर्षाचा तोटा ३ अब्जांच्या घरात जाईल.

आता बेसबॉलमधली पगाराची रीत अशी, की खेळाडूशी केलेला करार पाळावाच लागतो. तो वाईट खेळला म्हणून पगार अडवून ठेवता येत नाही. मग सामनेच न झाले तर? २६ मार्च २०२० रोजी संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात ठरले, की जितके सामने होतील तितक्या प्रमाणात पगार मिळावा. १६२ पैकी ६० सामने झाले, म्हणजे रुपयाला सदतीस पैसे. एवढ्यावर भागले असे वाटले होते. परंतु प्रेक्षकांविना खेळावे लागणार हे स्पष्ट होताच मे महिन्यात मालकांनी आणखी कपात सुचविली, आणि ती चढत्या क्रमाने: ज्याला जास्त पगार त्याची जास्त कपात, कमी पगारवाल्याची कमी. खेळाडूंनी ती धुडकावली. वाटाघाटी फिसकटल्या, आणि अखेर आयुक्तांनी आपल्या अधिकारात ६० सामन्यांचे वेळापत्रक लादले.

हा वाद मी त्या उन्हाळ्यात रोज वाचीत असे. वेळ भरपूर होता. आणि खरे सांगावयाचे तर आरंभी माझे मत मालकांच्या बाजूने होते. ज्या खेळाडूंचा कमीत कमी वार्षिक पगार साडेपाच लाख डॉलरांच्या वर आहे, त्यांनी अशा काळात दमडीदमडीसाठी भांडावे हे मला अशोभनीय वाटे. नाव बुडत असेल तर सर्वांनीच थोडे थोडे ओझे पाण्यात टाकावे. आणि ज्याची गाठोडी मोठी त्याने जास्त टाकावे, यात अन्याय तो कोणता?

जावयांनी माझी चूक दाखवून दिली. ते फार बोलत नाहीत. पण बोलतात ते नेमके. म्हणाले, “बाबा, नावेत सगळे एकत्र आहेत, हे मान्य. पण मागच्या वर्षी मासळी भरपूर मिळाली, तेव्हा वाटा कुणाकुणाला दिला होता?”

मी निरुत्तर झालो. कारण गोष्ट खरी होती. अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये खेळाडूंचा एकूण उत्पन्नात ठराविक हिस्सा असतो. उत्पन्न वाढले की पगाराची मर्यादा वाढते, घटले की घटते. बेसबॉलमध्ये तसे नाही. तिथे पगार म्हणजे पगार. भरभराटीच्या वर्षी मालकाला चौपट मिळाले, तरी कराराबाहेर एक पैसाही खेळाडूच्या हाती पडत नाही. ज्याला नफ्यात वाटा नाही, त्याला तोट्यात मात्र भागीदार करावयाचे, हा व्यवहार कोणत्या धर्मशास्त्रात बसतो?

आपल्याकडे एके काळी खेड्यांतून बलुत्याची रीत होती. सुतार, लोहार, कुंभार यांना रोख मजुरी नसे. खळ्यावर रास पडली म्हणजे तिच्यातला वाटा मिळे. पीक बुडाले तर वाटाही बुडे. पण पीक आले की तो वाढेही. त्या रीतीचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. तीत कोणाचा वाटा किती हे जन्मावरून ठरे, खालच्या मानलेल्यांच्या पदरात अपमानासह उरलेसुरले पडे, आणि गाव सोडून जाण्याची मुभाही फारशी नसे. परंतु एक गोष्ट तीत होती: रास सर्वांच्या डोळ्यांदेखत उघड्या खळ्यावर पडलेली असे. पीक आले की नाही, हे कुणी कुणाला सांगावे लागत नसे. बेसबॉलच्या मालकांनी “आम्ही बुडालो” म्हणून सांगितले, तेव्हा खेळाडूंच्या संघटनेने एवढेच म्हटले, की मग वह्या दाखवा. वह्या मनासारख्या उघडल्या गेल्या नाहीत. मालक खोटे बोलत होते असे मी म्हणत नाही. रिकामी मैदाने तर साऱ्या जगाने पाहिली होती. परंतु ज्याला कपात सोसावयाची आहे त्याला ती कशासाठी, हे पाहण्याचा हक्क असलाच पाहिजे. वही बंद ठेवून मागितलेला त्याग हा त्याग राहत नाही. ती वसुली होते.

येथवर माझ्या मनाने एक टप्पा गाठला होता. परंतु मालक आणि मोठे खेळाडू यांच्या या भांडणाकडे पाहता पाहता माझे लक्ष हळूहळू त्यांच्या खाली, पायरीवर बसलेल्या माणसांकडे गेले. प्रत्येक संघाच्या हाताखाली उमेदवार खेळाडूंचे लहान लहान संघ असतात. या मुलांना कुणी संघटना नव्हती. त्यांतल्या खालच्या पायरीवरच्यांचा पगार २०२० साली आठवड्याला किमान २९० डॉलर ठरलेला होता, आणि तोही हंगाम चालू असेल तेवढेच महिने. साथ आल्यावर त्यांना मेअखेरपर्यंत आठवड्याला ४०० डॉलर द्यावेत असे ठरले. पुढे ३० जूनला त्यांचा सबंध हंगामच रद्द झाला, आणि पुढच्या वर्षी १६० संघांपैकी ४० संघ कमी करून १२० ठेवण्यात आले.

मे महिना संपत आला तेव्हा ओकलंडच्या संघाने कळविले, की जूनपासून हे ४०० डॉलर आम्ही देणार नाही. चहूकडून टीका झाली, आणि थोड्याच दिवसांत संघाचे मालक जॉन फिशर यांनी आपली चूक झाली असे म्हणून निर्णय फिरविला. वॉशिंग्टनच्या संघाने ४०० चे ३०० करावयाचे ठरविले. तेव्हा त्याच संघातल्या मोठ्या खेळाडूंनी जाहीर केले, की वरचे शंभर आम्ही आमच्या खिशातून भरू. दुसऱ्याच दिवशी संघाने कपात मागे घेतली. टेक्सासच्या संघातला चू शिन-सू हा कोरियन खेळाडू तर एप्रिलमध्येच आपल्या संघाच्या सुमारे १९० उमेदवारांना प्रत्येकी १,००० डॉलर देऊन मोकळा झाला होता. स्वतः उमेदवार असताना पैशांची ओढाताण कशी असते ते त्याने भोगले होते.

वाचकहो, हिशेबनिसाच्या दृष्टीने या शंभर डॉलरांकडे एकदा पाहा. शेकडो मुलांचे जरी धरले, तरी एका मोठ्या खेळाडूच्या पगारापुढे ती रक्कम म्हणजे समईतल्या तेलाचा थेंब. मग ती कापण्याचे कुणाला का सुचावे? मला वाटते, ती मोठी होती म्हणून नव्हे. ती कापणे सोपे होते म्हणून. तूट भरून काढावयास बसलेला माणूस पैसा कुठे जास्त आहे ते आधी पाहात नाही. विरोध कुठे कमी आहे ते पाहतो. वरच्या पगारांना करारांचे कुंपण असते, मधल्यांना संघटनेचे. उघडे रान राहते ते तळाचे. मग कात्री आपोआप तिकडे वळते, आणि पुढे त्याला ‘व्यवहार’ असे नाव मिळते.

आणि तरीही, पगाराचा आराखडा करावयास बसलेल्या माणसाला दुष्ट म्हणून मोकळे होणे मला जमत नाही. तो कसा बसलेला असतो हे मला ठाऊक आहे. २०२० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात या तीस संघांचे हिशेबनीस पुढच्या वर्षाचे आकडे मांडीत होते. पुढल्या एप्रिलात मैदाने उघडतील की नाही हे जगात कुणालाच ठाऊक नव्हते. क्लीव्हलंड संघाकडे ब्रॅड हँड नावाचा गोलंदाज होता. त्या हंगामात शेवटच्या डावात सामना राखण्याची कामगिरी त्याच्यावर सोळा वेळा आली, आणि सोळाही वेळा त्याने तो राखला. त्याला आणखी एक वर्ष १ कोटी डॉलरांवर ठेवण्याचा हक्क संघाकडे होता. संघाने तो वापरला नाही. रिवाजाप्रमाणे त्याला त्याच पगारात उचलण्याची संधी बाकीच्या एकोणतीस संघांना मिळाली. एकानेही हात वर केला नाही. आणि जानेवारीत वॉशिंग्टनने त्यालाच १ कोटी ५ लक्ष देऊन घेतले! भीती ही अशी असते. ती एकट्या माणसाला मूर्ख करीत नाही. सर्वांना एकाच वेळी शहाणे करते, आणि त्या शहाणपणातून मूर्खपणा जन्मतो.

नातवाचा लाडका होऊन बसलेला गोलंदाज चार्ली मॉर्टन याची हकीकत तर याहून बोलकी आहे. तो २०२० मध्ये फ्लॉरिडातल्या टँपा बे संघाकडून खेळला. तो संघ त्या वर्षी अंतिम मालिकेपर्यंत पोहोचला. त्यालाही पुढील वर्षासाठी दीड कोटी डॉलरांवर ठेवण्याचा हक्क संघाकडे होता. परंतु टँपा बे हा नेहमीच काटकसरीने चालणारा संघ. अंतिम मालिका संपून आठवडा होत नाही तोच, ३० ऑक्टोबरला, त्यांनी तो हक्क सोडून दिला. आमच्या घरी लक्ष्मीपूजन झाले तेव्हा दोनच दिवसांपूर्वी सदतिसावे वर्ष पूर्ण केलेला हा माणूस बेकार होता. त्यानंतर दहा दिवसांनी, २४ नोव्हेंबरला, त्याला कामावर घेतले ते ब्रेव्ह्‌जनी. आणि पगार दिला तो बरोबर तेवढाच, दीड कोटी. ज्या संघाचे उत्पन्न रुपयाचे सहा आण्यांवर आले होते, आणि ते सहा आणे ज्याने जगाला दाखविले होते, तोच हा संघ. नातू नाचत माझ्या खोलीत आला. “बघा आजोबा, पूजा लागू पडली!”

पुढच्या वर्षी, २०२१ साली, आम्ही सोलापुरात परत आलो होतो. ब्रेव्ह्‌ज अंतिम मालिकेत पोहोचले. पहिल्याच सामन्यात वेगाने परतलेला चेंडू मॉर्टनच्या उजव्या पायावर आदळला आणि नडगीशेजारचे हाड मोडले. ते मोडलेले असताना त्याने आणखी सोळा चेंडू टाकले, आणि मगच तो मैदानाबाहेर गेला. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी सकाळी नातवाचा फोन आला, की आमची टीम जिंकली. त्या वर्षी संघाचे उत्पन्नही ५६ कोटी ८० लक्ष डॉलरांवर गेले. साथीपूर्वी होते त्याहूनही अधिक.

ही गोष्ट इथेच संपविली तर ती दिवाळी अंकात शोभून दिसेल: ज्याने तोट्यातही माणूस धरला त्याला लक्ष्मी प्रसन्न झाली, ज्याने सोडला तो पस्तावला. परंतु तसे घडलेले नाही, आणि वाचकांशी खोटे बोलण्याची माझी इच्छा नाही. मॉर्टनला सोडून देणाऱ्या टँपा बे संघाने २०२१ साली १०० सामने जिंकले. ब्रेव्ह्‌जनी जिंकले ८८. टँपा बेचा हिशेब चुकला होता असे कोणता शहाणा म्हणेल? शिवाय त्यांनी कोणताही शब्द मोडला नव्हता. सोडण्याचा हक्क करारातच लिहिलेला होता, आणि मॉर्टनसारख्याला दुसरे दार उघडले जाणार हेही उघड होते. यशावरून नीतीची परीक्षा करू लागलो, की नीती ही एक सट्ट्याची चिठ्ठी होऊन बसते. एखादे कृत्य योग्य की अयोग्य, हे ते करावयाच्या क्षणी आपल्याला जे ठाऊक असते आणि आपण जे पाहावयाचे नाकारतो, त्यावरून ठरते. पुढच्या दिवाळीला काय घडले यावरून नव्हे.

‘पाहावयाचे नाकारतो’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले. आता माझ्या बाकीबद्दल.

१९७२ साली मी सोलापुरात एका लहानशा छापखान्यात हिशेब लिहीत होतो. वय चोवीस. छापखाना लग्नपत्रिका, बिलबुके, जाहिरातीची पत्रके असली किरकोळ कामे करी. त्या वर्षी महाराष्ट्रात जो दुष्काळ पडला तो ज्यांनी पाहिला त्यांना सांगावयास नको. लोक खडी फोडावयास गेले. लग्ने पुढे ढकलली गेली. व्यापाऱ्यांनी जुनीच बिलबुके पुरवून पुरवून वापरली. काम निम्म्यावर आले. दिवाळीच्या आधी मालकांनी मला बोलाविले. म्हणाले, “महिन्याचे ३०० रुपये वाचले पाहिजेत. कुणाला कमी करायचं, यादी करून आणा.”

मी रात्री जागून यादी केली. हिशेबात मी हुशार होतो. आमच्याकडे एक वृद्ध जुळारी होते. त्यांना सगळे ‘मास्तर’ म्हणत. खिळे जुळविण्यात त्यांचा हात धरणारा गावात नव्हता. कुणाचेही कसलेही गिचमीड अक्षर ते वाचीत. त्यांचा पगार सर्वांत जास्त, १७० रुपये, आणि नजर थोडी मंदावली होती. दुसरा एक बांधणीवाला, १३० रुपयांचा. बेरीज बरोबर ३०० झाली. वाचकहो, ती बेरीज बरोबर जुळली तेव्हा मला आनंद झाला, हे मी आज कबूल करतो.

त्याच वहीत आणखी एक पान होते. मालकांची घरखर्चाची उचल त्या दुष्काळाच्या वर्षीही दरमहा ६०० रुपये, पूर्वीइतकीच होती. ते पान मला ठाऊक होते. लिहिलेच मी होते. ते मी मालकांपुढे ठेवले नाही. आणि एक नाव होते, १५० रुपयांचे, जे त्या यादीत येऊ शकेल असे माझ्या स्वप्नातही आले नाही. ते माझे. यादी करणाऱ्याचे नाव यादीत कधीच नसते.

मालक वाईट नव्हते. ते पान मी पुढे ठेवले असते, तर कदाचित त्यांनी उचल शंभराने कमी केली असती. मी पन्नास सोडले असते, इतरांनी थोडे थोडे. आणि दोघेही राहिले असते. कदाचित त्यांनी मलाच घालविले असते. काय झाले असते ते मी जाणत नाही. पण ते पान झाकून ठेवणारा मीच होतो, एवढे निश्चित.

दीडएक वर्षाने पाऊसपाणी झाल्यावर मास्तर एकदा छापखान्यात आले. पंढरपुरात कुठल्याशा प्रेसमध्ये त्यांना काम मिळाले होते. मुलीचे लग्न ठरले होते, पत्रिका छापावयाची होती. मुद्रित उभ्याउभ्याच वाचून त्यांनी दोन चुका काढल्या. पैसे मोजून दिले. निघताना माझ्या टेबलाशी थांबले आणि हळूच म्हणाले, “भाऊ, यादी तुमच्याच अक्षरात होती. मालकांच्या टेबलावर पाहिली मी. तुमचं अक्षर तीन वर्षं वाचलंय, ओळखणार नाही होय?” त्यांच्या स्वरात राग नव्हता. मी खाली मान घातली. त्यांनी पत्रिकेची एक प्रत माझ्यापुढे ठेवली आणि ते गेले. लग्नाला मी गेलो नाही. जावयाचे धैर्य झाले नाही.

तेव्हा मॅच झाली नाही, तर पगार कोणी द्यायचा? नातवाला त्या रात्री मी “सगळ्यांनी मिळून” असे उत्तर दिले होते. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. तोटा वाटून घ्यावयाचा तर आधी वही उघडी पाहिजे. वाटप करणाऱ्याने पहिले नाव आपले घातले पाहिजे. सर्वांत तळाला जो आहे त्याच्यापर्यंत कात्री सर्वांत शेवटी पोहोचली पाहिजे. आणि वाईट वर्षी ज्याच्याकडून घेतले त्याच्या नावावर ते जमा धरून, चांगले वर्ष आले की परत केले पाहिजे. कारण संकटात मागितलेला वाटा हे उसने असते, बक्षीस नव्हे.

हे घराघरांनाही लागू आहे. माझी आई वाढून सर्वांत शेवटी जेवावयास बसे, आणि कमी पडले तर ते तिच्या ताटात कमी पडे. आम्ही त्याला माया म्हणत आलो. ती माया होतीच. परंतु भांड्यात किती उरले आहे हे आम्हांपैकी कुणी कधी वाकून पाहिले नाही, हेही तितकेच खरे. झाकण आईने ठेवले, पण ते उचलण्याचे काम आमचे होते.

परवा नातवाचा फोन आला होता. आता तो मोठा झाला आहे. शाळेच्या संघाची वर्गणी आणि खर्च तोच लिहितो. म्हणाला, दोन मुलांना या वर्षी वर्गणी परवडत नाही, काय करू? मी म्हटले, “वही सगळ्यांपुढे ठेव, आणि वाटणी करताना पहिलं नाव तुझं लिही.” त्याने विचारले, “हे तुम्हांला कुणी शिकवलं?”

मास्तरांच्या मुलीची लग्नपत्रिका माझ्या जुन्या वहीत अजून आहे. दर लक्ष्मीपूजनाला नवी वही मांडताना ती मी जुन्या वहीतून काढून नव्या वहीत ठेवतो. यंदाही ठेवीन.